सरकारी भिंतीवर चित्र काढून घेण्याआधी

नोव्हेंबर लागला की नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये रंगाच्या बादल्या उतरायला लागतात. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन, म्हणून त्याआधी बंगले, कार्यालयं, कंपाउंडच्या भिंती, सगळं रंगवून घ्यायचं. रंगारी कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकात 'बाहेरील भिंतीस दोन हात रंग' असं लिहिलेलं असतं आणि तो इमानदारीनं दोन हात मारतो. त्या भिंतीवर दोन वर्षांपूर्वी कुणी चित्र काढलेलं असेल तर तेही त्या दोन हातांखाली जातं. यात कुणाचा दुष्टावा नसतो. चित्राची नोंद कुठल्याच कागदावर नसते, एवढंच.

सरकारी इमारतींवरची आणि शाळांवरची बहुतेक चित्रं अशाच कारणांनी जातात. कलाकार वाईट होता म्हणून फसलेलं काम त्या मानानं कमी. भिंत ओली होती, काम मार्च-एप्रिलमध्ये झालं, वर्क ऑर्डरमध्ये पृष्ठभागाच्या तयारीची ओळच नव्हती, नंतर कुणी बघायचं हे ठरलं नव्हतं. म्हणून चित्र कोणतं हा प्रश्न शेवटी घ्यावा. बैठकीत नेमका तोच पहिला येतो आणि दोन तास त्यातच जातात.

भिंत

भिंत बघायला एकदा मे महिन्यात जायचं आणि एकदा ऑगस्टमध्ये.

मे कशासाठी, तर कूलरसाठी. एप्रिलपासून आपल्याकडच्या कार्यालयांत खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर कूलर चढतात. टाकी ओसंडते, तळाच्या नळीतून पाणी भिंतीवर ओघळतं आणि वाळलं की क्षारांचे पांढरे पट्टे राहतात. डिसेंबरात पाहणीला गेलेल्या माणसाला तीच भिंत कोरी दिसते. खिडकीखाली चार बोल्ट आणि त्यातून उतरलेला गंजाचा तांबूस डाग, एवढीच खूण असते. ती दिसली की समजायचं, इथे उन्हाळ्यात पाणी येणार. एकतर कूलरच्या पाण्याला पाइप काढून तो जमिनीपर्यंत न्यायचा, नाहीतर चित्राची मांडणी ते पट्टे सोडून करायची. एसीच्या नळ्यांचंही तेच.

ऑगस्टमध्ये ओल दिसते. गच्चीच्या पावसाळी पाइपचे सांधे, छज्जाचा खालचा भाग आणि जोत्यापासून दीड-दोन फूट वर चढलेली ओल, या तीन जागा आधी बघायच्या. संशय असेल तर दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून भिंतीला चिकटवायचा आणि दुसऱ्या दिवशी काढायचा. आतल्या बाजूला थेंब असतील तर पाणी भिंतीतूनच येतंय. अशा भिंतीवर कितीही भारी रंग लावला तरी पोपडे निघणारच.

मग हातोडीच्या दांड्यानं सगळी भिंत वाजवत जायची. जिथे बद्द आवाज येतो तिथे प्लास्टर विटेपासून सुटलेलं आहे. खडूनं गोल करून तेवढं प्लास्टर फोडून पुन्हा करून घ्यायचं. तळहात फिरवला आणि पांढरा झाला तर खाली चुना किंवा जुनं डिस्टेंपर आहे. ते पूर्ण खरवडावं लागतं. त्यावर प्रायमर मारला तर प्रायमर डिस्टेंपरला धरतो आणि डिस्टेंपर कशालाच धरत नाही. जुना रंग घट्ट वाटत असेल तर ब्लेडनं बारीक चौकट्या पाडून त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढायची. चौकट्या पट्टीबरोबर आल्या तर तो रंग उतरवायचाच.

नवीन प्लास्टरला किमान २८ दिवस द्यायचे, आणि पावसाळा असेल तर त्याहून जास्त. ताज्या सिमेंटमधला अल्कली रंग खातो, लाल आणि निळ्या छटांवर पांढुरके ढग येतात. शाळेच्या प्रयोगशाळेतली पीएच पट्टी इथे उपयोगी पडते. भिंत शुद्ध पाण्यानं ओली करून पट्टी दाबायची, १० च्या वर आकडा आला तर थांबायचं. खार फुटलेला असेल, म्हणजे क्षारांची पांढरी पूड भिंतीवर आलेली असेल, तर तो आधी कोरड्या ब्रशनं झाडून काढायचा. धुतला तर क्षार पाण्यात विरघळून परत आत जातो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा बाहेर येतो.

भेगा बुजवताना एक चूक फार होते. आतल्या भिंतीची अ‍ॅक्रिलिक पुट्टी किंवा पीओपी बाहेर वापरतात, कारण ती हाताशी असते आणि घासायला मऊ लागते. पहिल्या पावसात ती पाणी पिऊन फुगते. बाहेर पांढऱ्या सिमेंटचीच पुट्टी, तीही पातळ.

दगडी किंवा उघड्या विटांच्या इमारतीवर मात्र रंगकाम करूच नये. हायकोर्टासारखी दगडी इमारत शहरात आहे आणि तिचं सौंदर्य दगडातच आहे. इमारत हेरिटेज यादीत असेल तर समितीची परवानगी लागते. ती मागायच्या आधीच चित्र एखाद्या सुट्या पॅनेलवर घेता येईल का हे बघावं.

रंग किती, कोणता

४० फूट लांब, १२ फूट उंच भिंत धरा, म्हणजे ४८० चौरस फूट. बाहेरच्या भिंतीचा प्रायमर एक हात, सुमारे ५ लिटर. त्यावर एक्सटीरियर इमल्शनचे, म्हणजे बाहेरच्या भिंतीच्या पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचे, पायाचे दोन हात, ९ ते १० लिटर. चित्राचे रंग मिळून साधारण तेवढेच, पण दहा-बारा छटांत वाटलेले, म्हणजे छटेला एक लिटरच्या आसपास आणि पार्श्वभूमीच्या रंगाला त्याच्या दुप्पट-तिप्पट. शेवटी क्लिअर कोटचे, म्हणजे चित्रावरच्या पारदर्शक संरक्षक थराचे, दोन हात, ७ ते ८ लिटर. भिंत खरबरीत असेल तर हे सगळं पाव पटीनं वाढवायचं.

पांढऱ्या इमल्शनमध्ये बाटलीतलं स्टेनर (दाट रंगद्रव्य) ओतून जागेवर रंग बनवायची पद्धत चित्रासाठी धोक्याची. पश्चिमेच्या उन्हात दोन उन्हाळ्यांत छटा फिकी होते आणि दुरुस्तीला तीच छटा परत जुळत नाही. दुकानात मशीनवर, एक्सटीरियरच्या बेसमध्ये छटा बनवून घ्यायची आणि तिचा कोड लिहून ठेवायचा. गेरू, रामरज, तपकिरी, काळा हे लोहाचे रंग उन्हाला टिकतात, निळे आणि हिरवेही बऱ्यापैकी टिकतात. स्वस्तातले नारिंगी, गुलाबी, जांभळे आधी उडतात. संत्रानगरी म्हणून दर दुसऱ्या भिंतीवर संत्री काढायची हौस आहे आणि उडतो नेमका तोच रंग. नारिंगी हवाच असेल तर त्या एका छटेवर जास्त खर्च करावा.

ओल चढणाऱ्या खालच्या पट्ट्यावर पॉलियुरेथेनचा चकचकीत कोट देऊ नये. भिंतीतली वाफ अडते आणि रंग फोडासारखा फुगतो. तिथे मॅट अ‍ॅक्रिलिक क्लिअर बरा.

शाळेत ऑइल पेंट टाळावा, आणि घेतलाच तर डब्यावर शिशाचं प्रमाण बघून घ्यावा. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत असायला हवं. सुट्या, लेबल नसलेल्या डब्याचा भरवसा नाही.

हंगाम

नागपुरात बाहेरच्या भिंतीवर चित्र काढायचा काळ दिवाळीनंतर फेब्रुवारी अखेरपर्यंत. मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीला दुपारी हात टेकवत नाही. रंग ब्रशवरच वाळतो, वर साय धरते आणि खाली पकड बसत नाही. हिवाळ्यातही पूर्वेची भिंत दुपारी आणि पश्चिमेची सकाळी घ्यायची, म्हणजे काम सावलीत होतं. दव असेल तर नऊ-दहा वाजेपर्यंत ब्रश हातात घ्यायचा नाही. क्लिअर कोट तर संध्याकाळी मारूच नये. रात्रीच्या ओलाव्यानं तो दुधाळ होतो, आणि मग काळ्या रंगावर धुकं बसल्यासारखं दिसतं.

पण पैशाचा हंगाम वेगळा. निधी जानेवारी-फेब्रुवारीत येतो, ३१ मार्चच्या आत खर्ची टाकायचा असतो, वर्क ऑर्डर मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात निघते. शाळांचं आणखी अवघड, कारण सुट्टी उन्हाळ्यात आणि तेव्हाच 'मुलं नाहीत, काम उरकून घ्या' असं वाटतं. विदर्भात शाळा उघडतात जूनच्या शेवटी, म्हणजे पाऊस आलेला असतो. यावर उपाय एकच आहे, काम दोन टप्प्यांत तोडणं. भिंतीची डागडुजी, प्लास्टर, पाइप, कूलरचे स्टँड हे या आर्थिक वर्षात. प्रायमर आणि चित्र दिवाळीनंतर, पुढच्या वर्षीच्या तरतुदीतून. दोन वेगळी अंदाजपत्रकं, दोन वेगळ्या ऑर्डर. मधला पावसाळा फुकट जात नाही, दुरुस्ती टिकली की नाही ते त्यात कळतं.

कागद

बांधकाम विभागाच्या दरसूचीत रंगकामाचा दर चौरस मीटरनं असतो. चित्राचा नसतो. म्हणून कनिष्ठ अभियंता दोन गोष्टी करतो: एकतर चित्र 'रंगकाम' म्हणून घालतो, नाहीतर तीन दरपत्रकं मागवून सगळ्यात कमी दर घेतो. दोन्हींत चित्र चौरस फुटावर जातं, आणि चौरस फुटावर गेलेल्या चित्रात मोठं आकाश आणि मोठं गवत येतं, कारण ते लवकर भरतं.

यापेक्षा रक्कम आधी ठरवून जाहीर करावी आणि स्पर्धा फक्त आराखड्यावर ठेवावी. केंद्र सरकारच्या कार्यालयांना सामान्य वित्तीय नियम २०१७ मध्ये गुणवत्ता आणि किंमत दोन्हींना गुण देऊन निवड करायची सोय आहे. राज्याच्या कार्यालयांत दोन लिफाफ्यांची पद्धत (एकात तांत्रिक माहिती, दुसऱ्यात दर) सगळ्यांच्या सवयीची आहे. तांत्रिक लिफाफ्यात पूर्वीच्या कामांचे फोटो मागायचे, आणि त्यातलं किमान एक काम दोन पावसाळे काढलेलं असावं ही अट घालायची. नव्या कामाचे फोटो सगळ्यांचेच छान असतात.

रस्त्याच्या निविदेतल्या अटी जशाच्या तशा चिकटवू नयेत. तीन वर्षांची उलाढाल, कंत्राटदार नोंदणी, जीएसटी क्रमांक या तीन अटींत चांगले कलाकार बाद होतात आणि फ्लेक्सवाला उरतो. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नसते. हे लेखा शाखेला आधीच दाखवून ठेवलं की बिलाच्या वेळी वाद होत नाही.

पहिल्या चाळणीतून तीन ते पाच जण निवडावेत आणि त्यांच्याकडून एक इंच बरोबर एक फूट या प्रमाणात रंगीत आराखडा घ्यावा. त्याचं मानधन सगळ्यांना द्यावं, न निवडलेल्यांनाही. फुकट आराखडे मागवले की नेटवरून उचललेलं येतं. समितीत कार्यालयप्रमुख, अभियंता, शासकीय चित्रकला महाविद्यालयातला एखादा अध्यापक आणि रोज त्या भिंतीसमोर बसणारा किंवा वावरणारा माणूस असावा. अभियंत्याला भिंतीबद्दल नकाराधिकार असावा, चित्राबद्दल नसावा.

वर्क ऑर्डरमध्ये ओळी वेगवेगळ्या लिहायच्या: पृष्ठभागाची तयारी, परांची, आराखडा, चित्रकाम, क्लिअर कोट, नामफलक, एका पावसाळ्यानंतरची दुरुस्ती. एकाच ओळीत 'भित्तिचित्र काढणे, पूर्ण' असं लिहिलं की वाद झाला तर काय झालं आणि काय राहिलं हे मोजताच येत नाही. मोजमाप पुस्तिकेत एक गंमत होते. रंगकामात दारं-खिडक्या वजा करतात. चित्रात मात्र खिडकीभोवतीचं काम जास्त किचकट असतं आणि नेमकं तिथलंच क्षेत्र कापलं जातं. म्हणून चित्रकाम 'नग १' किंवा एकरकमी ठेवावं, नाहीतर उघडी जागा वजा करायची नाही हे अंदाजपत्रकातच लिहावं. नंतर लिहिलं तर लेखापरीक्षणात आक्षेप येतो.

पैसे असे सोडले तर दोन्ही बाजू सुरक्षित राहतात: आराखडा मंजूर झाल्यावर २० टक्के, भिंतीवर रेखांकन झाल्यावर ३०, काम पूर्ण झाल्यावर ४० आणि एक पावसाळा गेल्यावर उरलेले १०. आगाऊ रक्कम देता येत नसेल तर रंग आणि परांची कार्यालयानंच घ्यावी. एकट्या कलाकाराकडे बँक गॅरंटी मागणं म्हणजे त्याला सावकाराकडे पाठवणं.

नवीन इमारत असेल तर हे सगळं आर्किटेक्टच्या टेबलावर असतानाच सांगावं. फ्रान्सनं १९५१ मध्ये शाळांच्या बांधकाम खर्चातला एक टक्का कलेसाठी राखायला सुरुवात केली, फिलाडेल्फियानं १९५९ मध्ये तसाच नियम केला. आपल्याकडे दिल्लीच्या रिझर्व्ह बँकेसमोर शिल्पकार रामकिंकर बैज यांचे यक्ष-यक्षी आहेत, लखनऊच्या रवींद्रालय नाट्यगृहावर चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांचं १९६३ चं भाजलेल्या मातीचं म्यूरल (भित्तिशिल्प) आहे. अंदाजपत्रकात एक ओळ आधी असली तर बिनखिडकीची भिंत, वरचा छज्जा आणि दिव्याची वायर आपोआप मिळते. इमारत झाल्यावर उरलेल्या भिंतीत ते शोधावं लागतं.

शाळा

'बोलक्या भिंती' म्हणून शाळांत जे होतं त्यात पाढे, बाराखडी, सूर्यमाला आणि वाघ असतो. वाघाबद्दल तक्रार नाही, पण चार फुटांच्या खालचा पट्टा सगळीकडे सारखाच फसतो. तिथे दप्तरं घासतात, बूट टेकतात, ओले हात लागतात. पहिलीतल्या मुलाची नजर साडेतीन फुटांच्या आसपास असते, म्हणजे वाचायचं सगळं याच पट्ट्यात हवं. त्यामुळे खालचे चार फूट टाइलच्या तुकड्यांच्या मोझेकमध्ये घ्यावेत आणि वर रंग घ्यावा. खर्च वाढतो, पण दर दोन वर्षांनी खालचा पट्टा रंगवणंही फुकट नसतं.

मोझेकच्या खाचाखोचा अशा. फुटलेल्या टाइलची प्रत्येक कड घासून बोथट करायची, मूल बोट फिरवणारच. व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीत नाही, म्हणून सिमेंटच्या पाण्यानं चिकटत नाही, तिला पॉलिमरवाला अ‍ॅडहेसिव्हच लागतो. मिस्त्री पाठीवर पाच ठिपके देऊन टाइल दाबतो, तसं करू द्यायचं नाही. मागे पोकळी राहते आणि पावसाळ्यात तिथे पाणी साचतं. पूर्ण पाठ भरायची. तीन-तीन मीटरवर उभा सांधा सोडून तो सिलिकॉननं भरायचा. आपल्याकडच्या उन्हात अखंड मोझेक प्रसरण पावून मधोमध फुगतो आणि मग एका दुपारी अंगणात टाइलचा सडा पडतो.

भारताचा नकाशा हातानं काढू नये. भारतीय सर्वेक्षण विभागाचा अधिकृत नकाशा प्रोजेक्टरनं रात्री भिंतीवर टाकून रेघ मारायची. मजकूर पेंटरच्या हाती देण्याआधी मराठीच्या बाईंकडून कागदावर तपासून घ्यायचा आणि भिंतीवर खडूनं लिहिल्यावर पुन्हा एकदा. 'विद्यार्थी'तला ऱ्हस्व-दीर्घ आठ इंची अक्षरांत चुकला की पुढची दहा वर्षं मुलं तोच शिकतात.

विषयासाठी लांब जायची गरज नाही. तान्हा पोळ्याचे लाकडी नंदी, काळी-पिवळी मारबत, काटोल रोडवर जुनापाणीची महापाषाणी शिळावर्तुळं. शेवटचा विषय तर कुठल्याच भिंतीवर दिसत नाही, आणि वर्तुळाकार रचना असल्यानं मोझेकला अगदी सोयीचा आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आराखडा मांडून ठराव घ्यावा. पालकांना आधी दाखवलेलं चित्र नंतर कुणी पुसायला सांगत नाही.

पुतळे आणि शिल्पं

हा वेगळाच प्रांत आहे, थोडक्यात सांगायचं तर घाई असेल तर हात घालू नये. राष्ट्रपुरुषाच्या पुतळ्याला जिल्हाधिकारी आणि कला संचालनालयापर्यंतची मान्यता लागते. ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण झालेला मालवणचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला, त्यानंतर आतल्या सांगाड्याचे आणि गंजाचे प्रश्न सगळ्यांच्या तोंडी आले. आपल्याकडे समुद्राचे वारे नाहीत, पण काळी माती आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि चौथरा तिरपा होतो. काळी माती पूर्ण काढून मुरुमापर्यंत जायचं, हे साध्या पाच फुटी शिल्पालाही लागू आहे.

नंतरचं

शिल्पकार अमरनाथ सेहगल यांच्याकडून सरकारनं १९५७ मध्ये दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी ब्राँझचं म्यूरल करून घ्यायचं ठरवलं, सुमारे १४० फूट लांब. १९७९ मध्ये ते भिंतीवरून उतरवलं गेलं आणि गोदामात त्याचे तुकडे झाले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं उरलेले भाग कलाकाराला परत द्यायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. आधार होता प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा १९५७ चं कलम ५७. पैसे देऊन चित्र घेतलं तरी त्याची नासधूस करायचा हक्क आपोआप मिळत नाही. म्हणून करारात चार ओळी घालाव्यात: भिंत पाडायची किंवा रंगवायची झाल्यास कलाकाराला ३० दिवस आधी लेखी कळवणं, त्यानं फोटो घेणं किंवा पॅनेल नेणं, डायरी-कॅलेंडरवर चित्र छापायचा हक्क कुणाचा, आणि दुरुस्ती कुणाच्या हातून करायची.

मग चित्र मालमत्ता नोंदवहीत चढवायचं: जागा, माप, तारीख, कलाकार, रक्कम. आणि वार्षिक रंगकामाच्या अंदाजपत्रकात 'भित्तिचित्राचे क्षेत्र वगळून' हे तीन शब्द मोजमापासह टाकून घ्यायचे, म्हणजे नोव्हेंबरातला रंगारी बादली घेऊन आला की त्याच्या कागदावरच लिहिलेलं असेल.

शेवटी प्रत्येक छटेचा अर्धा लिटर रंग दुरुस्तीसाठी राखून ठेवायचा. डबा काठोकाठ भरलेला हवा, आत हवा राहिली तर वर कातडी धरते. झाकणावर छटेचा कोड आणि तारीख मार्करनं लिहायची. आणि तो डबा टिनाच्या शेडमध्ये नाही, तळमजल्यावरच्या स्टोअररूममध्ये ठेवायचा. टिनाखाली मे महिन्यात त्याचं दही होतं.